एंजिनाची ऊब राखणारी झडप

ऑक्टोबर महिन्यातील एक पहाट. मनालीहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावर, सरचूच्या पठारावर, काही मालमोटारी रात्रीच्या मुक्कामास थांबल्या आहेत. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे आणि रात्रीतून उष्णतामान शून्याच्या खाली गेले आहे. एका मालमोटारीचा चालक एंजिन सुरू करतो, खाली उतरतो आणि पुढील जाळीवर, म्हणजे रेडिएटरच्या तोंडावर, एक जाड गोणपाट बांधतो. काही वेळ एंजिन तसेच चालू राहते. समोरच्या तबकडीवरील काटा हळूहळू वर चढू लागतो, आणि मगच तो गाडी हलवितो.

शाळेत विज्ञान शिकणाऱ्या मुलास हे पाहून नवल वाटेल. रेडिएटर हे एंजिन थंड करण्याचे साधन होय. मग त्याचेच तोंड का झाकावयाचे? मे महिन्याच्या उन्हात राजस्थानातून माल वाहून नेणारा दुसरा चालक नेमक्या उलट काळजीत असतो. रेडिएटरमधील पाणी उकळू नये म्हणून तो वारंवार त्याच काट्याकडे पाहत असतो.

दोघांचेही बरोबर आहे. एंजिन फार तापले तर बिघडते, हे सर्वांस ठाऊक असते. ते फार गार राहिले तरीही बिघडते, हे मात्र थोड्यांसच ठाऊक असते. या दोन टोकांच्या मधोमध एंजिनास राखणारी एक लहानशी झडप आहे. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. मुठीत मावेल एवढ्या या वस्तूचे काम नीट न समजल्यामुळे पुष्कळदा ती अडगळ मानून काढून टाकली जाते. तसे करणे चुकीचे का, हे समजण्यासाठी प्रथम डिझेल एंजिनाच्या पोटात काय चालते ते पाहिले पाहिजे.

काडीवाचून पेटणारी आग

पेट्रोलच्या एंजिनात इंधन विजेच्या ठिणगीने पेटते. डिझेल एंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये घेतलेली हवा दट्ट्या जोराने दाबतो आणि तिचे आकारमान मूळच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाइतके उरते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हा अनुभव सर्वांचा आहे. तोच प्रकार येथे फार मोठ्या प्रमाणावर घडतो. दाबलेल्या हवेचे उष्णतामान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो.

रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने या तत्त्वावरील आपले एंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वी रीतीने चालवून दाखविले. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता त्याने उपयुक्त कामात आणली. त्या काळच्या वाफेच्या एंजिनांच्या मानाने ही मजल फार मोठी होती.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची. डिझेल एंजिनात हवेची उष्णता हीच काडी आहे. सिलिंडरच्या भिंती गारठलेल्या असतील तर दाबलेल्या हवेतील काही उष्णता त्या भिंतीच शोषून घेतात. मग इंधन उशिरा पेटते, काही भाग न जळताच राहतो, एंजिन खडखडते आणि मागून पांढरट धूर निघतो. थंडीच्या दिवसांत सकाळी सुरू केलेल्या मालमोटारीचा असा धूर आपण पाहिला असेल. तो बव्हंशी न जळलेल्या इंधनाच्या सूक्ष्म थेंबांचा असतो.

उष्णतेचा जमाखर्च

आजच्या मालमोटारीच्या चांगल्या एंजिनात, इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेचे शंभर भाग कल्पिले तर त्यांपैकी चाळीसच्या आसपास भाग गाडी ओढण्याच्या कामी येतात. उरलेल्या साठांपैकी मोठा हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो आणि बाकीचा एंजिनाच्या धातूत शिरतो. जळणाऱ्या वायूंचे उष्णतामान क्षणभर दोन हजार अंशांच्याही वर चढते. पुष्कळ एंजिनांचे दट्टे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. धातूत शिरलेली उष्णता सतत काढून नेली नाही तर काय होईल, हे सांगावयास नको.

ती काढून नेण्याचे काम पाणी करते. सिलिंडरांभोवती पोकळ जागा ठेवलेली असते. पंप तेथे पाणी खेळवितो. तापलेले पाणी वरच्या नळीवाटे रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने व पंख्याने निवते आणि पुन्हा एंजिनाकडे परतते. येथे आपण ‘पाणी’ म्हणत असलो तरी व्यवहारात ते इथिलीन ग्लायकॉलचे मिश्रण असते. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळली तर हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या सुमारास गोठते. सरचूसारख्या ठिकाणी केवळ पाणी भरले तर ते रात्री गोठून प्रसरण पावेल आणि एंजिनाचे ओतीव लोखंडही फोडील.

गारठलेल्या एंजिनाचे दुखणे

आता असे वाटेल की, पाणी जितके थंड तितके एंजिन सुखी. वस्तुस्थिती तशी नाही. बहुतेक मालमोटारींच्या एंजिनांत पाण्याचे उष्णतामान ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान राहावे अशी योजना असते. ते पन्नास-साठ अंशांवरच रेंगाळले तर अनेक अपाय होतात.

पहिला अपाय वंगणतेलाचा. गार तेल दाट असते. ते खेळविण्यात आणि त्यातून यंत्राचे भाग हलविण्यात शक्ती वाया जाते आणि इंधन अधिक लागते. दुसरा अपाय असा की, न जळलेले डिझेल दट्ट्याच्या कड्यांच्या फटीतून खाली झिरपते आणि वंगणतेलात मिसळून ते पातळ करते. तिसरा अपाय पाण्याच्या वाफेचा. डिझेल जळताना वाफ निर्माण होतेच. एंजिन पुरेसे गरम असेल तर ती वाफ वायुरूपानेच निघून जाते. गार असेल तर ती आत थिजते, तेलात उतरते आणि तेथे काळा गाळ साचू लागतो. डिझेलमध्ये गंधक असल्यास या ओलाव्याशी त्याच्या ऑक्साइडांचा संयोग होऊन गंधकाम्ल तयार होते आणि ते सिलिंडरच्या भिंती कुरतडते. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनुसार डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत १० भागांहून अधिक असता कामा नये. त्यामुळे गंधकाम्लाचे भय पूर्वीच्या मानाने पुष्कळ उणावले आहे. बाकीचे अपाय मात्र कायम आहेत.

उलट त्यांत एका नव्या अपायाची भर पडली आहे. या मानकांनुसार बांधलेल्या अनेक मालमोटारींत धुरामध्ये युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर केले जाते. ही क्रिया घडविणारा उत्प्रेरक सुमारे दोनशे अंशांच्या पुढे तापला म्हणजेच नीट काम करतो. एंजिन सतत गार राहिले तर धूर शुद्ध करण्याची ही व्यवस्थाच अडते.

तापलेल्या एंजिनातून वाफ निघते, काटा तांबड्या खुणेवर जातो, चालक गाडी थांबवितो. गारठलेले एंजिन अशी कोणतीही हाक देत नाही. ते चालत राहते आणि महिनोन्‌महिने झिजत राहते. म्हणूनच या दुखण्याकडे दुर्लक्ष होते.

डिझेल एंजिनाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. गाडी उभी असताना किंवा उतारावर असताना या एंजिनात इंधन अतिशय थोडे जळते, पण सिलिंडरांतून हवा मात्र भरपूर वाहत असते. त्यामुळे ते तापण्यास वेळ लागतो, आणि काम हलके होताच निवण्यास फारसा वेळ लागत नाही.

मेणाच्या शक्तीवर चालणारे यंत्र

उष्णतेनेच उष्णतेचे नियमन करावयाचे, ही कल्पना जुनी आहे. कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) या डच संशोधकाने अंडी उबविण्याच्या भट्टीची उष्णता आपोआप कायम राखणारी युक्ती योजिली होती. ‘थर्मोस्टॅट’ हा शब्द मात्र स्कॉटलंडमधील रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर याने १८३० साली रूढ केला. ग्रीक भाषेतील ‘उष्ण’ आणि ‘स्थिर’ या अर्थांच्या शब्दांवरून तो बनला आहे.

मोटारींच्या आरंभीच्या थर्मोस्टॅटांत भात्यासारखी घड्यांची धातूची डबी असे आणि तिच्यात चटकन वाफ होणारा द्रव भरलेला असे. पाणी तापले की डबी फुगे आणि झडप उघडे. पुढे रेडिएटर बंद करून पाणी दाबाखाली ठेवण्याची रीत आली, तेव्हा या डब्या अडचणीच्या ठरल्या. कारण त्या उष्णतेप्रमाणेच भोवतालच्या दाबानेही फुगत वा आक्रसत. या अडचणीतून मार्ग काढणारा मेणाचा थर्मोस्टॅट सर्जियस व्हेर्ने याने १९३४ साली शोधून काढला. आजही बहुतेक मालमोटारींत हाच प्रकार वापरतात.

त्याची रचना साधी आहे. एका लहान, मजबूत धातूच्या पेल्यात विशिष्ट जातीचे मेण भरलेले असते. उष्णता सर्वत्र लवकर पोहोचावी म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळतात. मेणात रबराच्या वेष्टनात बसविलेली एक बारीक दांडी असते, आणि दांडीचे दुसरे टोक वरच्या चौकटीस टेकलेले असते. पाणी ठरावीक मर्यादेपर्यंत तापले की मेण वितळू लागते. वितळताना त्याचे आकारमान एकदशांशाहूनही अधिक वाढते. पेला घट्ट असल्यामुळे वाढलेले मेण दांडीस बाहेर रेटते. चौकट हलत नाही, म्हणून पेलाच खाली सरकतो आणि त्याबरोबर त्यास जोडलेली झडप उघडते. पाणी निवले की मेण थिजून आक्रसते आणि स्प्रिंग झडपेस पुन्हा मिटविते. या साऱ्यास वीज लागत नाही किंवा माणसाचे लक्षही लागत नाही.

अशी झडप बहुतेक एंजिनांत तापलेले पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर बसविलेली असते. ती मिटलेली असता पाणी रेडिएटरकडे जात नाही. एका आखूड बगलमार्गाने ते परत पंपाकडे वळते आणि एंजिनातच फिरत राहून लवकर तापते. प्रचारातील एक प्रकारचा थर्मोस्टॅट सुमारे ८२ अंशांवर उघडू लागतो आणि ९५ अंशांच्या सुमारास पूर्ण उघडतो. जसजशी मुख्य वाट उघडते तसतशी झडपेची दुसरी चकती बगलमार्ग बंद करीत जाते. कालव्यावरील पाटकरी जसा गरजेप्रमाणे एका पाटाचे दार उघडतो आणि दुसऱ्याचे लावतो, तसेच हे काम आहे.

चढ, खिंड आणि उतार

आता सरचूच्या आपल्या मालमोटारीकडे वळू. पहाटे झडप पूर्णपणे मिटलेली आहे. रेडिएटरमधील पाणी जागच्या जागी थंड आहे आणि एंजिनातील थोडे पाणीच फिरत आहे. त्यामुळे काटा चढतो. गोणपाटामुळे एंजिनाच्या अंगावर येणारा बोचरा वारा अडतो, एवढीच त्याची मदत.

सरचूपासून काही अंतरावर गाटा लूप्स नावाची एकवीस वळणांची चढण लागते. भरलेली मालमोटार खालच्या गिअरमध्ये कण्हत वर जाते. इंधन पुष्कळ जळते, गाडीचा वेग थोडा असतो, म्हणून वाराही थोडाच मिळतो. पाणी ८२ अंशांवर येते आणि झडप किंचित उघडते. चढण वाढते तशी ती अधिक उघडते आणि अखेर पूर्ण उघडी होते.

येथे या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. झडप पूर्ण उघडल्यानंतर थर्मोस्टॅटाजवळ देण्यासारखे काही उरत नाही. यापुढे पाणी किती तापावे, हे रेडिएटर, पंखा, पंप आणि वारा ही चार साधने ठरवितात. थर्मोस्टॅट उष्णतामानाची खालची मर्यादा राखतो. वरची मर्यादा राखणे हे त्याचे काम नव्हे.

उंचीवर वरची मर्यादा राखणे कठीण होते. लेहजवळील टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरांहून अधिक उंच आहे. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील हवेच्या सुमारे तीन पंचमांश असते. म्हणून पंख्याने ओढलेला तेवढाच वारा उष्णता मात्र कमी नेतो. शिवाय हवेचा दाब कमी असल्याने उघड्या भांड्यातील पाणी तेथे सुमारे ८२ अंशांवरच उकळते. म्हणजे थर्मोस्टॅट उघडू लागतो न लागतो तोच पाण्यास उकळी फुटावयाची! असे होत नाही, याचे श्रेय रेडिएटरच्या दाबाच्या झाकणास आहे. ते आतील दाब बाहेरच्या दाबाहून वाढू देते. हा वाढीव दाब एका वातावरणाइतका असेल तर त्या खिंडीतही पाणी ११० अंशांच्या पुढेपर्यंत उकळत नाही. याच कारणास्तव तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब नाहीसा होताच आतील पाण्याची एकदम वाफ होते आणि ते उसळून हात-तोंड भाजते.

खिंड ओलांडली की लांबच लांब उतार. चालक पाय उचलतो, इंधन जवळजवळ थांबते, आणि एंजिन केवळ थंड हवा आत-बाहेर करीत राहते. झडप आपण होऊन मिटू लागते आणि एंजिनाची ऊब टिकते. थर्मोस्टॅट नसता तर सिंधूच्या काठी पोहोचेपर्यंत पाणी पन्नास अंशांवर उतरले असते, आणि पुढील चढणीस एंजिनास पुन्हा गारठलेल्या स्थितीतच जुंपावे लागले असते.

एक चुकीची समजूत

“आपला देश उष्ण. येथे थर्मोस्टॅट कशास हवा? तो काढून टाका, पाणी मोकळे फिरेल आणि एंजिन थंड राहील.” असा सल्ला आपल्याकडे रस्त्याकडेच्या कारखान्यांतून पुष्कळदा ऐकू येतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु सल्ला दुहेरी घातक आहे.

सपाटीवर, हलक्या भाराने, रात्रीच्या प्रवासात असे एंजिन खरोखर थंड राहते. आणि तेच वाईट, हे आपण पाहिले. दुसरी बाजू अधिक चमत्कारिक आहे. ज्या एंजिनांत थर्मोस्टॅटाची दुसरी चकती बगलमार्ग बंद करते, त्यांतून थर्मोस्टॅट काढला की बगलमार्ग कायमचा उघडा राहतो. मग भर चढणीवर पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तापलेलाच एंजिनाकडे परततो. थंड राहावे म्हणून केलेल्या उपायाने एंजिन घाटात उकळते!

याचे कारण कित्येकदा असे सांगितले जाते की, पाणी फार वेगाने वाहू लागते आणि त्यास रेडिएटरमध्ये निवण्यास वेळ मिळत नाही. हे खरे नव्हे. वेगाने जाणारे पाणी एका फेरीत कमी निवते, परंतु त्याच्या फेऱ्या तितक्याच वाढतात. एकूण उष्णता कमी बाहेर टाकली जात नाही. खरा दोष मोकळ्या राहिलेल्या बगलमार्गाचा आहे.

एंजिन तापत असेल तर कारण शोधले पाहिजे. पाणी कमी आहे काय? रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे अडकले आहेत काय? पंख्याचा पट्टा सैल आहे काय? पंप झिजला आहे काय? झाकण दाब धरते काय? थर्मोस्टॅटच मिटलेल्या स्थितीत अडकला असेल, तर रेडिएटरकडे जाणारी वरची नळी एंजिन तापूनही गारच लागते. तो तसा असल्यास त्याच्या जागी त्याच मापाचा नवा बसवावा. जागा रिकामी ठेवू नये. उलट तो उघडा अडकला असेल तर एंजिन तापण्यास फार वेळ लागतो आणि काटा नेहमीच्या खुणेपर्यंत येतच नाही. आजच्या मालमोटारींतील विद्युत्‌संवेदक हा दोषही ओळखतात आणि चालकासमोर इशाऱ्याचा दिवा लावतात. त्या दिव्याकडे दुर्लक्ष करू नये.

करून पाहण्याजोगा प्रयोग

जुना पण चालू स्थितीतील थर्मोस्टॅट मोटार दुरुस्तीच्या कारखान्यातून मिळू शकेल. शिक्षकांच्या देखरेखीखाली तो दोऱ्याने बांधून पाण्याच्या भांड्यात अधांतरी टांगावा. शेजारी प्रयोगशाळेतील तापमापक तसाच टांगावा. दोन्ही तळास टेकू देऊ नयेत. पाणी मंद आचेवर तापवावे आणि ढवळत राहावे. झडपेची फट प्रथम दिसते त्या वेळचे उष्णतामान टिपून घ्यावे. नंतर आच बंद करून झडप पूर्ण मिटते त्या वेळचे उष्णतामान टिपावे. मिटण्याचा आकडा उघडण्याच्या आकड्याहून काही अंशांनी खाली असल्याचे आढळेल. मेणास थिजण्यास लागणारा वेळ आणि भागांचे घर्षण ही त्याची कारणे होत.

८२ अंशांवर उघडू लागणारा थर्मोस्टॅट घेऊन लेहमधील विद्यार्थ्यांनी हाच प्रयोग केला, तर त्यांचे पाणी ८८ अंशांच्या सुमारासच उकळू लागेल आणि झडप पुरती उघडणार नाही. याचे कारण आता वाचकांस स्वतःच सांगता येईल.

सरचूच्या चालकाने बांधलेले गोणपाट हाही एक प्रकारचा थर्मोस्टॅटच होय. भेद एवढाच की, तो चालविण्यास माणसाची आठवण लागते. चढण सुरू होण्यापूर्वी ते गोणपाट सोडण्याचे राहिले तर रेडिएटरला वारा मिळणार नाही आणि पाणी उकळेल. मेणाच्या झडपेस अशी आठवण द्यावी लागत नाही. ती नीट चालते की नाही एवढे पाहावे, आणि तिला तिच्या जागी राहू द्यावे.